आपला वाल मूळचा कोठला?

वालाचे पीक वसई भागातील शेतकऱ्यांस नवे नाही. भात कापून खाचर मोकळे झाले की राहिलेल्या ओलीवर वाल टाकावयाचा आणि थंडी सरता सरता शेंगा तोडावयाच्या, हा वटार, नंदाखाल, आगाशी, बोळिंज ह्या पट्ट्यातील जुना परिपाठ आहे. ओल्या दाण्याची भाजी, मोड आणून सोललेल्या वालाचे बिरडे आणि गुरांस वेलांचा पाला, असे त्याचे काहीच वाया जात नाही. हे धान्य आपल्या घरात इतके मुरलेले आहे की ते परमुलखातून आले असेल अशी शंकाही कोणास येत नाही. विचारल्यास ‘आमचा वाल गावठी’ एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर कितपत खरे आहे, ते तपासण्याचे साधन आता शास्त्रज्ञांच्या हाती आलेले आहे. त्या तपासातून जे निष्पन्न झाले, त्याचा आपल्या घरच्या बियाण्याशी निकटचा संबंध असल्यामुळे ते येथे क्रमाने सांगण्याचे योजिले आहे.

नावावरून मूळ ठरत नाही

प्रथम नावांचा गोंधळ दूर केला पाहिजे. वाल आणि पावटा ही एकाच जातीची पिके होत. श्रावणघेवडा, फरसबी आणि राजमा ही दुसऱ्या जातीची. आणि चवळी ही तिसरी. घेवडा हा शब्द मात्र कोठे वालाच्या भाजीच्या शेंगेस लावतात, तर कोठे फरसबीस. यास्तव ह्या लेखात वाल म्हणजे वाल-पावटा, आणि श्रावणघेवडा म्हणजे फरसबी-राजमा, असे वाचकांनी समजावे.

आता फरसबीचेच पाहा. ह्या नावात फ्रेंच लोकांचा उल्लेख दडलेला आहे, पण तिचे मूळ फ्रान्सात नाही. वनस्पतींस शास्त्रीय नावे देणारे स्वीडनचे विद्वान लिनियस ह्यांनी १७५३ सालच्या आपल्या ग्रंथात तिचे घर हिंदुस्थान असे लिहून ठेविले. तेही खरे ठरले नाही. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात आंकोन येथील जुन्या थडग्यांत घेवड्याचे दाणे मिळाले. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विटमाक ह्यांनी ते ओळखले, आणि ह्या पिकाचे घर अमेरिका असावे ह्या मतास बळकटी आली. म्हणजे नाव एका देशाचे, ग्रंथातील नोंद दुसऱ्या देशाची आणि घर तिसऱ्याच खंडात!

आमची सारी नोकरी महसूल खात्यात कारकुनीत गेली. त्यामुळे नाव आणि वस्तुस्थिती ह्यांत किती अंतर असू शकते, हे आम्हांस सांगावे लागत नाही. वटार गाव ३१ जुलै २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, दुसऱ्या दिवसापासून ते पालघर जिल्ह्यात आले. दप्तरे बदलली, परंतु विहिरीचे पाणी आणि वाडीची माती होती तशीच राहिली. पिकांचेही असेच आहे. नाव हे माणसाने दिलेले असते. खरा वृत्तान्त बियाण्याच्या अंगात असतो.

बियाण्याच्या अंगचा दस्तऐवज

प्रत्येक वनस्पतीच्या पेशीत गुणसूत्रे नावाचे अतिसूक्ष्म धागे असतात. वालाच्या पेशीत त्यांच्या अकरा जोड्या आहेत, श्रावणघेवड्यातही तितक्याच. ह्या धाग्यांत चार रासायनिक घटकांची एक अतिशय लांब माळ असते. त्या घटकांचा क्रम म्हणजेच झाडाच्या गुणांचा लेख होय. वेल उंच जावा की झुडूप राहावे, दाणा तांबडा व्हावा की पांढरा, शेंग तडकावी की न तडकावी, हे पुष्कळसे ह्या क्रमावर अवलंबून असते. त्यातील गुणदर्शक भागास जनुक असे म्हणतात.

बी तयार होताना ह्या लेखाची नक्कल होते. नकलेत क्वचित एखादे अक्षर चुकते. जुन्या काळी हाताने नकला होत, तेव्हाचा अनुभव ज्यांस आहे त्यांस पुढील गोष्ट चटकन समजेल. एका नकलेत एक अक्षर चुकले की तिच्यावरून केलेल्या सर्व नकलांत तीच चूक उतरते. दहा नकला समोर ठेवून चुका ताडून पाहिल्या, तर कोणती नक्कल कोणत्या नकलेवरून झाली हे मूळ कागद नसतानाही सांगता येते. शास्त्रज्ञ बियाण्यांच्या बाबतीत नेमके हेच करतात. निरनिराळ्या देशांतील शेकडो वाण आणि रानटी वेल घेऊन त्यांचे लेख ते एकमेकांशी ताडतात.

ह्या तपासणीत तीन गोष्टी मुख्यतः पाहतात. पहिली, पिकाचा रानातील सर्वांत जवळचा भाऊबंद कोठे उगवतो. दुसरी, पिकात सर्वांत अधिक विविधता कोठे आहे. कोठीतून मूठभर बी घेऊन कोणी परगावी गेला, तर कोठीतील सर्व प्रकार त्या मुठीत येत नाहीत. त्या परगावाहून पुन्हा मूठभर पुढे गेले, तर प्रकार आणखी कमी होतात. म्हणून पीक घरापासून जितके दूर जाईल तितकी त्याची अंगभूत विविधता सामान्यतः घटलेली आढळते. तिसरी, रानात दिसणारा वेल खरोखर रानटी आहे की शेतातून पळालेला आहे. बांधावरून बी रानात जाऊन तेथेच वाढलेला वेल डोळ्यांस रानटी दिसतो, परंतु त्याच्या अंगी लागवडीच्या खुणा शिल्लक असतात. ह्या तिसऱ्या परीक्षेने पुष्कळ जुने दावे फेटाळले गेले आहेत.

घेवड्याचे दोन जन्म

ही रीत प्रथम श्रावणघेवड्यावर चांगली वापरली गेली. १९८६ साली पॉल गेप्ट्स आणि त्यांचे सहकारी ह्यांनी घेवड्याच्या दाण्यातील फेझिओलिन नावाचे प्रथिन तपासले. मेक्सिको व मध्य अमेरिका येथील रानटी घेवड्यात त्याचा एक प्रकार, तर अँडीज पर्वताकडील रानटी घेवड्यात दुसरे प्रकार आढळले; आणि त्या त्या प्रदेशातील लागवडीच्या वाणांतही तोच भेद उतरलेला दिसला. त्यावरून मनुष्याने घेवडा एकदा नव्हे, तर दोन ठिकाणी, स्वतंत्रपणे शेतात आणला असे अनुमान निघाले.

२०१४ साली घेवड्याच्या गुणसूत्रांचा समग्र लेख प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की, मेक्सिकोकडील आणि अँडीजकडील रानटी घेवडे सुमारे १,६५,००० वर्षांपूर्वीच वेगळे झाले होते, आणि दोन्हीकडे त्यांची लागवड सुमारे ८,००० वर्षांपूर्वी सुरू झाली. विशेष हे की, लागवडीमुळे ज्या भागांत बदल झाले असे दिसते, त्यांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी भाग दोन्ही ठिकाणी समान आहे. म्हणजे दोन्हीकडील शेतकऱ्यांनी मोठा दाणा आणि न तडकणारी शेंग हेच साधले, पण तेथे पोहोचण्याच्या वाटा बहुतांशी निराळ्या होत्या.

ह्याची ढोबळ पारख आपणांसही घरी करता येईल. राजम्याचे १०० दाणे मोजून वजन करावे. मेक्सिकोकडील वाणांचे दाणे लहान वा मध्यम असतात. १०० दाण्यांचे वजन साधारणतः ४० ग्रॅमच्या आत भरते. त्याहून अधिक भरल्यास वाण बहुधा अँडीजकडील घराण्याचा समजावा. हा कच्चा अंदाज होय, पक्का निवाडा प्रयोगशाळेतच होतो.

वालाचा निवाडा

आता वालाकडे वळू. येथे प्रश्न अधिक अवघड होता, कारण जमिनीतील पुरावा आणि बियाण्यातील पुरावा वेगवेगळे बोलत होते. वालाचे अतिशय जुने जळके दाणे आपल्याच देशात मिळालेले आहेत. कर्नाटकात तुंगभद्रेकाठच्या हल्लूरसारख्या नवाश्मयुगीन वसाहतींत सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी वाल खाल्ला जात होता. आफ्रिकेत मात्र इतका जुना पुरावा हाती लागलेला नाही. शिवाय वालाचे सर्वाधिक पीक आणि सर्वाधिक खवय्ये आपल्या देशात. त्यामुळे वाल हिंदुस्थानचाच, असे पुष्कळांस वाटणे साहजिक होते.

पण महसुली कामातील एक साधा नियम येथे लागू पडतो. एखाद्या जमिनीसंबंधी सर्वांत जुना कागद ज्याच्या घरी सापडला, तो मूळ मालक असतोच असे नाही. दुसऱ्याचा कागद वाळवीने खाल्लेला असू शकतो. म्हणून दुसरा पुरावा पाहावा लागतो. वालाचा खरा रानटी भाऊबंद पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेच्या रानांत आढळतो. त्याची शेंग व दाणा लहान असून शेंग वाळली की तडकून बी दूर उडते. वाल हा जात्या आफ्रिकेचा, असे वनस्पतिशास्त्रज्ञ त्यावरून म्हणू लागले. ब्रिगिटे मास ह्या विदुषींनी पुष्कळ वर्षे ह्या पिकाचा अभ्यास केला. २०१० साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका निबंधातून असा प्रश्न केला की, हे पीक आफ्रिकेने गमावले आहे की काय. जन्म तेथे, आणि पोसले गेले आशियात, असा त्या प्रश्नाचा रोख होता.

२०१७ साली त्यांच्याच एका निबंधात वालाच्या दोन स्वतंत्र लागवडींचा पुरावा मांडण्यात आला. रानटी वालात दोन घराणी आहेत. एका घराण्याच्या शेंगेत दोन दाणे असतात, दुसऱ्याच्या शेंगेत सुमारे चार. लागवडीच्या वालातही हेच दोन गट दिसतात, आणि प्रत्येक गट आपापल्या रानटी घराण्यास जवळचा आहे. दोन दाण्यांचा गट मुख्यतः इथिओपियाचा. चार दाण्यांचा गट जगभर पसरला. २०२३ साली वालाच्या सर्व अकरा गुणसूत्रांचा लेख तयार झाला. नैरोबी येथील आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांचा त्यात पुढाकार होता. त्या कामातही दोन लागवडींचे अनुमान कायम झाले.

वाचकांनी आपल्या वेलावरील शेंगा सोलून दाणे मोजावेत. तीन, चार, क्वचित पाच दाणे आढळतील. आपला वाल त्या दुसऱ्या, जगभर पसरलेल्या घराण्यातला आहे.

कोणी म्हणेल की सोपारा बंदर तर आपल्या उंबऱ्याशीच. वाल त्या वाटेने आला असेल. सोपाऱ्याचा व्यापार प्राचीन खरा. तेथे १८८२ साली अशोकाच्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला, त्यावरून बावीस शतकांहून अधिक जुनी वस्ती सिद्ध होते. पण हल्लूरचे दाणे त्याहूनही हजार वर्षांपेक्षा अधिक जुने आहेत. तेव्हा सोपाऱ्याचा डौल वाढण्यापूर्वीच वाल दक्षिणेत रुजलेला होता, असेच म्हटले पाहिजे.

गावठी म्हणजे काय

मग आपला वाल परका ठरला काय? ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी ताटातील इतर पदार्थांकडेही पाहावे. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि चवळी ही मूळची आफ्रिकेचीच होत. हरभऱ्याचा रानटी भाऊबंद आग्नेय तुर्कस्तानात आहे. मिरची आणि बटाटा अमेरिकेहून आले. उलटपक्षी मूग, उडीद, कुळीथ आणि तूर ही आपल्या देशात जन्मलेली. उडदाचा रानटी भाऊबंद आपल्या सह्याद्रीत उगवतो. तुरीचा बस्तर व ओरिसाच्या बाजूस. केवळ जन्मस्थळावरून गावठी आणि परके असा भेद करू लागल्यास भाकरीसुद्धा ताटाबाहेर ठेवावी लागेल.

आमच्या मते गावठीपणा जन्माने नव्हे, वहिवाटीने ठरतो. साडेतीन हजार वर्षे येथील शेतकरी दरसाल वालाचे बी निवडीत आला. ओल तुटली तरी तग धरणारा, कडू असला तरी बिरड्यास रुचकर लागणारा, तांबडा, पांढरा, बारीक, टपोरा, अशी निवड घरोघर झाली. आपले बरेच जुने वाल दिवस लहान झाले म्हणजेच फुलावर येतात. भात निघाल्यावरच्या हंगामास हा गुण अगदी साजेसा आहे. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने ह्याच्या उलट, दिवसमानाची पर्वा न करता फुलणारे ‘हेब्बाळ अवरे’ वाण काढले, तेही दक्षिणेतील अशाच घरगुती वाणांच्या आधारे. सातारा जिल्ह्यात कोरेगाव भागातील वाघ्या घेवड्यास भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ज्या जातीचा जन्म अमेरिकेत झाला, तिच्या एका वाणास साताऱ्याचे नाव लागले, ते तेथील शेतकऱ्यांच्या निवडीमुळे.

तोटा कोठे होत आहे

ह्या सर्व शोधांचा पाया कोणता, हे ध्यानात घेतले पाहिजे. प्रयोगशाळेतील यंत्रे कितीही सूक्ष्म असोत, त्यांस वाचावयास बी लागते. आणि ते बी शेतकऱ्यांच्या कोठीतूनच येते. ज्या गावचा वाण नाहीसा झाला, त्या गावचे पान कायमचे फाटले. पुढे एखादी कीड वा रोग आला आणि त्यास तोंड देणारा गुण त्याच वाणात असला, तर तो परत मिळविण्यास मार्ग उरत नाही.

आपल्या भागात ही गोष्ट डोळ्यांदेखत घडत आहे. खाचरे बुजून इमारती उठत आहेत. जेथे भात नाही तेथे भातामागचा वालही नाही. जे अद्याप पेरतात, त्यांतील पुष्कळजण बाजारातून वाल आणून तोच टाकतात. तो कोठला, कोणत्या पिशवीतला, हे विकणाऱ्यासही ठाऊक नसते. सरकारी दप्तरात ह्याची नोंद सापडेल असे कोणी समजू नये. पीकपाहणीत आम्ही ‘वाल’ एवढा शब्द लिहीत असू. कडवा की गोडा, तांबडा की पांढरा, ह्यास त्या उताऱ्यात रकानाच नाही. वाणाची नोंद जर कोठे असेल तर ती घरातील वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात आणि राखेत घोळून ठेवलेल्या मडक्यात आहे.

आपणांस काय करता येईल

पहिली गोष्ट, बी एक-दोन वेलांचे न ठेवता शेतभर फिरून किमान चाळीस-पन्नास निरोगी वेलांवरून थोडे थोडे घ्यावे. मुठीचा दृष्टान्त वर दिलाच आहे; थोड्या वेलांचे बी ठेवल्यास वाणाची अंगभूत संपत्ती घटते. वाल बहुधा स्वतःच्याच परागाने फळतो, तरी भुंगे व माश्या ह्यांमुळे थोडा संकर होतो. म्हणून दोन वाण एकमेकांस लागून पेरू नयेत.

दुसरी गोष्ट, बियाण्याच्या शेंगा वेलावरच पुऱ्या वाळू द्याव्यात, दाणे कडक उन्हात सुकवावेत, आणि राखेत घोळून तोंड बंद केलेल्या भांड्यात ठेवावेत. भुंगेरा लागलेला दाणा आत जाऊ देऊ नये.

तिसरी गोष्ट, भांड्यावर चिठ्ठी लावावी. तीत घरात चालते ते नाव, गाव, बी कोणाकडून व सुमारे कधीपासून आले, दाण्याचा रंग, चव, आणि फूल कोणत्या महिन्यात येते, एवढे लिहावे. ही चिठ्ठी म्हणजे त्या वाणाचा सात-बाराच होय.

चौथी गोष्ट, थोडे बी सुरक्षित जागी पोहोचवावे. दिल्ली येथील राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या कोठारात बियाणे शून्याखाली १८ अंशांवर दीर्घकाळ राखले जाते. त्या संस्थेचे केंद्र अकोल्यासही आहे. आपल्या जवळ दापोलीचे कोंकण कृषी विद्यापीठ आणि डहाणू तालुक्यात कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्र आहे. तेथे चौकशी करावी.

पाचवी गोष्ट, आपला हक्क जाणून घ्यावा. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ अन्वये शेतकऱ्याने जतन केलेल्या वाणाची नोंदणी करता येते. घरचे बी राखणे, पेरणे, देणे-घेणे आणि विकणे ही मोकळीकही ह्या कायद्याने दिलेली आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी छापील नावाच्या पिशवीत घालून विकता येत नाही. पिकाचे मूळ आफ्रिकेत निघाले म्हणून येथील वाणावरील आपला हक्क उणा होत नाही, कारण तो हक्क जतन केल्याबद्दलचा आहे.

ज्यांच्या घरी आई-आजीच्या वेळचा वाल अद्याप राहिला असेल, त्यांनी येत्या हंगामात निदान एक वाफा त्याचा पेरावा आणि चिठ्ठीसह शेर-अच्छेर बी शेजाऱ्यास द्यावे. एक घर चुकले तर दुसऱ्या घरी ते मिळावे, हाच बी राखण्याचा जुना आणि खात्रीचा उपाय आहे.